खूण पटली, पुढे काय? तंबाखूच्या पैदाशीतील एका संकल्पनेचा इतिहास



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काही जणांना नवल वाटलं असेल. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने तंबाखूच्या नव्या वाणांवर बोलायचं, त्यातही रेणवीय खुणांवर, ज्यांना सगळे जण सरसकट मॉलिक्युलर मार्कर म्हणतात, हे जरा आडवळणाचं दिसतं खरं. पण या विषयाच्या मुळाशी असलेला प्रश्न फार जुना आहे. जे डोळ्यांना दिसत नाही, ते आहे असं आपण कशाच्या आधारावर म्हणतो? आणि जो आधार आपण धरला, तो कुठपर्यंत टिकतो?

शेतकरी हे काम हजारो वर्षं करत आला. पानाचा रंग, खोडाची जाडी, शिरांची ठेवण बघून तो रोपाच्या पोटातलं ओळखायचा. आज प्रयोगशाळेत रोप बोटभर असतानाच त्याच्या पानाचा एवढासा तुकडा घेतात, त्यातला डीएनए वेगळा करतात, आणि हे रोप अमुक रोगाला दाद देणार नाही असं सांगतात. या दोन टोकांच्या मध्ये साधारण शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातली बरीच पानं तंबाखूच्या रोपावर लिहिली गेली आहेत. आज ती पानं चाळू. शेवटी एका प्रश्नाकडे यायचं आहे: ओळखता येऊ लागलं, म्हणजे काय निवडायचं हेही कळलं का?

धूर आणि अग्नी

आपल्याकडे न्यायशास्त्रात अनुमानाचं एक उदाहरण पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं जातं. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. अग्नी दिसत नाही, धूर दिसतो. धुराला नैयायिक 'लिंग' म्हणतात, म्हणजे खूण. धूर आणि अग्नी यांच्या नेमाने एकत्र असण्याला ते 'व्याप्ती' म्हणतात. जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती. एकदा जरी अग्नीवाचून धूर सापडला, की व्याप्ती मोडली. त्याला नाव 'व्यभिचार'.

याहून सूक्ष्म एक गोष्ट आहे. धुरावरून अग्नी ठरवता येतो, पण अग्नीवरून धूर ठरवता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर व्हायला ओलं सरपण लागतं. ही जी मधली, न सांगितलेली अट, तिला म्हणतात 'उपाधी'. लिंग, व्याप्ती, व्यभिचार, उपाधी हे चार शब्द लक्षात ठेवा. तंबाखूच्या पैदाशीचा सगळा इतिहास या चार शब्दांत मांडता येतो, आणि त्यात ओढूनताणून केलेलं काही नाही. मार्कर म्हणजे लिंगच.

ठिपक्याठिपक्यांचं पान

सुरुवात करू नेदरलँड्सपासून. 1886 साली अडोल्फ मायर यांनी तंबाखूच्या एका रोगाला 'मोझॅक' हे नाव दिलं. पानावर फिकट आणि गडद हिरव्या रंगाचे चट्टे पडत, पान आखडे. रोगट पानाचा रस निरोगी रोपाला टोचला की त्यालाही रोग होई. 1892 मध्ये रशियन शास्त्रज्ञ दिमित्री इवानोव्स्की यांनी दाखवलं, की हा रस जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला तरी त्याचा संसर्ग जात नाही. 1898 मध्ये मार्टिनस बायरिंक यांनी त्याला जिवंत, संसर्गी द्रव म्हटलं. विषाणूशास्त्राचा जन्म हा असा तंबाखूच्या पानावर झाला. पुढे 1935 मध्ये वेंडेल स्टॅन्ली यांनी या विषाणूचे स्फटिक मिळवले, आणि 1946 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

पण शेतकऱ्याला स्फटिकाशी काय देणंघेणं? त्याला मोझॅक न होणारं रोप हवं होतं. तंबाखूच्या चांगल्या वाणांत तसा मजबूत प्रतिकार सापडेना. तो सापडला तंबाखूच्या एका रानटी भावंडात, निकोटियाना ग्लुटिनोसा या दक्षिण अमेरिकेतल्या वनस्पतीत. फ्रान्सिस होम्स यांनी 1929 मध्ये एक साधी, पण पुढे फार उपयोगी ठरलेली गोष्ट नोंदवली. ग्लुटिनोसाच्या पानावर विषाणू चोळला, की जिथे तो शिरतो तिथेच एक छोटा मेलेला ठिपका उठतो, आणि रोग तिथेच अडतो. रोप आपला थोडासा भाग मारून टाकतं आणि बाकीचं वाचवतं. ठिपका दिसला की समजायचं, प्रतिकार आहे. बघा, खूण आलीच. मात्र ती अजून डोळ्यांना दिसणारी होती.

आता हा प्रतिकार तंबाखूत आणायचा कसा? तंबाखूची गुणसूत्रं 48, ग्लुटिनोसाची 24. दोघांचा संकर केला तर 36 गुणसूत्रांचं वांझ रोप होतं. कॅलिफोर्नियात बर्कलीला रॉय क्लॉसेन आणि थॉमस गुडस्पीड यांना 1925 मध्ये अशा संकरातून गुणसूत्रं दुप्पट झालेलं, म्हणजे 72 गुणसूत्रांचं, बी धरणारं रोप मिळालं. दोन जातींच्या संकरात गुणसूत्रं दुप्पट होऊन नवी जात बनू शकते, असा तर्क डॅनिश शास्त्रज्ञ विंगे यांनी 1917 मध्ये मांडला होता. त्याला प्रत्यक्ष प्रयोगाचा आधार मिळाला तो इथे. गंमत अशी की तंबाखू स्वतःच निसर्गात असाच बनलेला आहे. त्याची निम्मी गुणसूत्रं एका रानटी पूर्वजाकडून, सिल्व्हेस्ट्रिसकडून आली, आणि निम्मी दुसऱ्याकडून, टोमेंटोसिफॉर्मिसकडून.

या 72 गुणसूत्रांच्या रोपाचा तंबाखूशी पुन्हा पुन्हा संकर करत होम्स यांनी 1938 पर्यंत प्रतिकार तंबाखूत आणून दाखवला. ज्या एका जनुकामुळे हे घडतं, त्याला नाव पडलं 'एन'.

लग्नात नवरीबरोबर आलेलं बिऱ्हाड

इथून खरी कथा सुरू होते. एक जनुक हवा होता. आला मात्र एकटा नाही. 1940 च्या दशकात गेर्स्टेल यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून दाखवलं, की होम्स यांच्या प्रतिकारक तंबाखूत ग्लुटिनोसाचं एक अख्खं गुणसूत्रच तंबाखूच्या गुणसूत्राच्या जागी जाऊन बसलं होतं. नवरी आणायला गेले आणि मागून तिचं सगळं बिऱ्हाड आलं, असा प्रकार.

हे समजायला थोडं गणित बघू. पहिल्या संकरात निम्मा वारसा रानटी असतो. तो परत आपल्या चांगल्या वाणाशी जोडला की रानटी वाटा पाव होतो, मग एक अष्टमांश, मग एक षोडशांश. वाटतं, सहा-सात फेऱ्यांत सगळं धुऊन निघेल. पण हा हिशेब सरासरीचा आहे. ज्या जनुकासाठी आपण निवड करतो, त्याच्या शेजारचा भाग त्याला चिकटून प्रत्येक पिढीत पुढे येतो. तो तुटायचा तर गुणसूत्रांच्या जोड्यांनी आपसांत तुकडे बदलायला हवेत. आणि रानटी गुणसूत्र तंबाखूच्या गुणसूत्राशी नीट जुळतच नाही, मग तुकडे बदलणार कुठून? त्यामुळे वीस पिढ्यांनंतरही जनुकाच्या आजूबाजूला परका प्रदेश शिल्लक राहू शकतो. पैदासकार याला लिंकेज ड्रॅग म्हणतात. हव्या त्या गोष्टीला बांधून आलेलं नको ते ओझं.

याचा परिणाम बाजारात दिसला. बर्ली प्रकारच्या तंबाखूत, केंटकी विद्यापीठातल्या व्हॅलो यांच्या कामानंतर, हा जनुक चांगला रुळला. पण सिगारेटसाठी गरम हवेच्या भट्टीत वाळवतात त्या प्रकारात, ज्याला आपल्याकडे व्हर्जिनिया म्हणतात, त्याच जनुकाबरोबर उत्पन्न घटायचं आणि पानाची प्रत उतरायची. मोझॅक टळला, पण माल कमी भावाने गेला. शेतकऱ्यासमोर मग निवड उरली ती रोग सोसण्याची किंवा ओझं सोसण्याची.

पानावर उठणारा ठिपका सांगतो, जनुक आहे. पण त्या जनुकाबरोबर किती लांब परका तुकडा आला आहे, हे ठिपका सांगू शकत नाही. म्हणजे जुनी खूण खोटी नव्हती, अपुरी होती. रेणवीय खुणांची गरज पडली ती या ठिकाणी.

खुणांचा शोध

खुणेवरून गुण ओळखण्याची कल्पना रेणूंच्या आधीची आहे. 1913 मध्ये आल्फ्रेड स्टर्टेव्हन्ट या कोवळ्या विद्यार्थ्याने फळमाशीच्या जनुकांचा पहिला नकाशा काढला. त्यामागचा विचार सोपा होता: दोन जनुकं जितकी जवळ, तितकी ती पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहणार, जितकी लांब, तितकी त्यांची ताटातूट जास्त. 1923 मध्ये कार्ल सॅक्स यांनी घेवड्याच्या बियांचा रंग आणि त्यांचं वजन यांचा असाच संबंध दाखवला. रंग सहज दिसतो, वजनामागची अनेक जनुकं दिसत नाहीत. रंग हे लिंग, वजनाचा जनुक हे साध्य.

पण डोळ्यांना दिसणाऱ्या अशा खुणा मोजक्याच. 1980 मध्ये डेव्हिड बॉटस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचवलं, की डीएनएमधले लहानसहान फरक हेच खुणा म्हणून वापरावेत. त्या फरकांनी रोपाचं काही बरंवाईट होत नसलं तरी बिघडत नाही. रस्त्यावरच्या मैलाच्या दगडाने गाव वसवलेलं नसतं, तरी गाव कुठे आहे ते तो सांगतो. 1983 मध्ये कॅरी मुलिस यांना डीएनएच्या अनेक प्रती काढण्याची पीसीआर ही रीत सुचली. 1990 मध्ये रॅपिड, 1995 मध्ये एएफएलपी, आणि दरम्यान मायक्रोसॅटेलाइट अशा एकाहून एक सोयीच्या पद्धती आल्या.

तंबाखूने मात्र इथे अडचण केली. 2001 मध्ये एएफएलपी वापरून केलेल्या एका अभ्यासात दिसलं, की लागवडीखालचे तंबाखूचे वाण एकमेकांसारखे फार आहेत. पानं, रंग, वास वेगवेगळे असले तरी आत फरक थोडा. फरकच नसेल तर खूण कशाला म्हणायचं? उलट रानटी भावंडांकडून आलेला तुकडा परका असल्यामुळे चटकन ओळखू येतो. त्यामुळे तंबाखूतल्या पहिल्या उपयोगी खुणा सापडल्या त्या याच परक्या तुकड्यांवर. जे ओझं पैदासकाराला नको होतं, त्याच ओझ्याने त्याला वाट दाखवली.

इथे आपल्या देशाचं एक नाव घ्यायला हवं. दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा आणि सतीश माहेश्वरी यांनी 1964 मध्ये धोत्र्याच्या परागकोशापासून एकेरी गुणसूत्रांची रोपं वाढवून दाखवली. 1967 मध्ये फ्रान्समध्ये हेच तंबाखूत साधलं. अशा रोपाची गुणसूत्रं दुप्पट केली की एका फटक्यात शुद्ध वंश मिळतो, नाहीतर त्यासाठी सहा-सात पिढ्या थांबावं लागतं. खुणांचे नकाशे काढायला असे शुद्ध वंश फार कामाला आले. धोत्रा आणि तंबाखू, दोघंही एकाच कुळातले. दिल्लीतल्या त्या कामाचं ऋण तंबाखूवर आहे.

पुढचा प्रवास झपाट्याचा. 1994 मध्ये एन जनुकच वेगळा काढण्यात आला. त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाचा एक भाग माशीतल्या आणि माणसातल्या प्रतिकारप्रथिनांसारखा निघाला. 2005 मध्ये उत्तर कॅरोलायनातल्या संशोधकांनी रेणवीय खुणा वापरून वेगवेगळ्या प्रतिकारक वाणांत ग्लुटिनोसाचा तुकडा कसा आणि किती आहे ते तपासलं. जे गेर्स्टेल यांनी सूक्ष्मदर्शकाखाली अख्ख्या गुणसूत्राच्या मापाने मोजलं, ते आता बारीक फूटपट्टीने मोजता येऊ लागलं. 2007 मध्ये मायक्रोसॅटेलाइटचा नकाशा आला, 2011 मध्ये दोन हजारांहून अधिक खुणांचा, चोवीसही गुणसूत्रजोड्यांचा दाट नकाशा आला, आणि 2014 मध्ये तंबाखूच्या तीन वाणांच्या संपूर्ण जनुकसंचाचा मसुदा. 2011 चा नकाशा आणि 2014 चा मसुदा या दोन्हींच्या मागे एका बड्या सिगारेट कंपनीचा पैसा आणि तिचे शास्त्रज्ञ होते. हे नुसतं नोंदवून ठेवू, पुढे लागेल.

आणि आता उपाधी. एन जनुक आहे, खूण बिनचूक आहे, तरी रोपाला मोझॅक होऊ शकतो. कारण हा प्रतिकार तापमान 28 अंश सेल्सिअसच्या वर गेलं की ढिला पडतो. विषाणू मग रोपभर पसरतो. लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही, तसंच हे. जनुक आहे, प्रतिकार नाही. ओल्या सरपणाची अट इथे थंड हवेची झाली. खूण जनुकाची ग्वाही देते, शेताची नाही. उन्हाच्या देशात हे विसरून चालत नाही.

बुरशीने शिकवलेला धडा

दुसरं उदाहरण काळ्या खोडाच्या रोगाचं, ज्याला इंग्रजीत ब्लॅक शँक म्हणतात. 1896 मध्ये फान ब्रेडा डे हान यांनी जावामध्ये त्याचं वर्णन केलं. जमिनीतून मुळात आणि खोडात शिरणारा, बुरशीसारखा हा जीव एकदा शेतात आला की वर्षानुवर्षं तिथेच राहतो. अमेरिकेत फ्लोरिडातल्या सिगारच्या तंबाखूतून टिस्डेल यांनी 1930 च्या सुमारास 'फ्लोरिडा 301' नावाचा वंश काढला. त्याचा प्रतिकार अर्धवट, पण अनेक जनुकांचा आणि म्हणून टिकाऊ होता. अनेक वर्षं या एकाच पुण्याईवर काम चाललं.

पुढे रानटी प्लम्बॅजिनिफोलिया या जातीकडून एकच, पण जबरदस्त जनुक आला. त्याला 'पीएच' म्हणतात. तो असेल तर बुरशीच्या नेहमीच्या वंशाला रोप अजिबात बळी पडत नाही. 2002 मध्ये उत्तर कॅरोलायनातल्या गटाने या जनुकाला चिकटलेल्या रॅपिड खुणा शोधल्या, आणि रोगट शेताची वाट न बघता निवड करणं शक्य झालं. पीएच असलेले संकरित वाण शेतकऱ्यांनी उचलले. शेतं हिरवीगार उभी राहिली.

पण जमिनीत बुरशीचा आणखी एक वंश थोड्या प्रमाणात होता, ज्याच्यावर पीएच चालत नाही. नेहमीच्या वंशाला खायला काही उरलं नाही, आणि हा दुसरा वंश काही वर्षांतच शेतं व्यापून बसला. आणि त्याच्याशी झुंजायला फ्लोरिडा 301 सारख्या, अनेक जनुकांच्या अर्धवट प्रतिकाराची गरज होती. पण पीएच असलेल्या रोपात तो आहे की नाही हे नेहमीच्या चाचणीत कळायचं कसं? प्रबळ जनुक दुबळ्यांना झाकून टाकतो. सगळीच रोपं वाचली, की त्यांतलं कुठलं स्वतःच्या बळावर वाचलं ते कोण सांगणार? दिवाणखान्यात एकच मोठ्या आवाजाचा माणूस बोलत असला, की बाकीच्यांना काही सांगायचं आहे हे कळतच नाही, तसंच.

इथे रेणवीय खुणांचं खरं मोल कळतं. झाकलेली जनुकंही खुणांवरून ओळखता येतात, आणि दोन प्रकारचे प्रतिकार एकाच वाणात जाणूनबुजून जमवता येतात. पण धडा वेगळाच आहे. 'पीएच आहे, म्हणून रोप निरोगी राहील' ही व्याप्ती बुरशीच्या एका वंशापुरती खरी होती. ती मोडली ती आपल्याच यशाने. ज्या शेतावर विधान लागू होतं, ते शेतच आपण बदलून टाकलं. चार्वाकाने नैयायिकांना विचारलं होतं, की आजवर पाहिलेल्यावरून उद्याची हमी कशी देता? बुरशीने तोच प्रश्न पैदासकारांना विचारला.

कोणासाठी सुधारित?

आतापर्यंत आपण खूण खरी की खोटी, पुरी की अपुरी, एवढंच बघितलं. आता दुसरा प्रश्न. 'सुधारित वाण' या शब्दजोडीत 'सुधारित' कोणासाठी?

अमेरिकेतच 1950 च्या दशकात कोकर 139, कोकर 140 आणि डिक्सी ब्राइट 244 असे वाण निघाले. उत्पन्न भरपूर, रोगांना दाद न देणारे. शेतकऱ्यांनी आनंदाने लावले. पण पान फिकट, चवीला हलकं; खरेदीदारांनी नाकं मुरडली. 1957 मध्ये सरकारने या वाणांचा आधारभाव निम्म्यावर आणला. त्यानंतर नव्या वाणाला बाजारात येण्याआधी रासायनिक कसोट्या पार कराव्या लागू लागल्या. पानात निकोटीन किती, साखर किती, हे ठरलेल्या मर्यादेत हवं. म्हणजे सुधारणेची व्याख्या शेतकऱ्याच्या बांधावर ठरली नाही. ती लिलावात ठरली.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. 1994 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त डेव्हिड केसलर यांनी संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली, की ब्राउन अँड विल्यमसन या कंपनीने 'वाय-1' नावाचा तंबाखू तयार करवून घेतला आहे, त्यात निकोटीन नेहमीच्या सुमारे दुप्पट, म्हणजे सहा टक्क्यांच्या आसपास आहे, आणि त्याची लागवड ब्राझीलमध्ये झाली आहे. ज्या जैवतंत्रज्ञान कंपनीने या कामात भाग घेतला, तिने 1998 मध्ये बियाणं बेकायदा देशाबाहेर पाठवण्याच्या कटात गुन्हा कबूल केला. पैदासकाराच्या दृष्टीने वाय-1 हे यशच होतं. ठरवलेला गुण ठरवल्याप्रमाणे वाढला. फक्त तो गुण म्हणजे माणसाला व्यसनात अडकवणारा गळ होता.

त्याच विद्येचा उलटा उपयोगही झाला. क्यूबातल्या सिगारच्या तंबाखूत निकोटीन कमी असलेले वंश पूर्वीच सापडले होते. त्यांच्यापासून केंटकीत अत्यल्प निकोटीनचा एक बर्ली वंश काढला, आणि तो 1970 मध्ये संशोधकांना उपलब्ध झाला. 2010 मध्ये जपानमधल्या नारा इथल्या गटाने दाखवलं, की त्यामागच्या दोन स्थानांपैकी एका स्थानावर निकोटीनची जनुकं चालू करणाऱ्या नियंत्रक जनुकांचा एक घोसच गळून पडला आहे. म्हणजे आता शेजारची खूण नको. जे नाही, तेच खूण. न्यायशास्त्रात अभाव हाही एक पदार्थ मानला आहे, याची इथे आठवण होते. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकन प्रशासनाने सिगारेटमधल्या तंबाखूत ग्रॅममागे 0.7 मिलिग्रॅमहून जास्त निकोटीन नसावं असा नियम प्रस्तावित केला. म्हणजे एकाच गुणाकडे एकाने वर ओढण्यासाठी बघितलं, दुसऱ्याने खाली. खुणेला दोन्ही सारखंच.

तिसरं उदाहरण एनएनएन या घटकाचं. तंबाखूतलं थोडं निकोटीन नॉरनिकोटीनमध्ये बदलतं, आणि पान वाळताना, साठवताना त्यापासून एनएनएन बनतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसाला निश्चित कर्करोगकारक ठरवलं आहे. 2005 मध्ये हा बदल घडवणारा मुख्य जनुक सापडला. पुढे तो आणि त्याचे दोन भाऊबंद बंद पडलेली रोपं निवडून, प्रत्येक बिघाडाची नेमकी खूण तयार करून, तिन्ही एकाच वाणात आणण्यात आले. नॉरनिकोटीन पार खाली आलं, त्याबरोबर एनएनएनही. इथे खूण आणि कारण एकच झालं. धुरावरून अग्नी ओळखायचा नाही, थेट अग्नीलाच हात घालायचा. तंत्र म्हणून हे फार देखणं काम आहे.

पण सावध राहू. एनएनएन हा तंबाखूतल्या कर्करोगकारकांपैकी एक आहे. जळत्या सिगारेटच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायनं असतात आणि त्यांतली सत्तरच्या आसपास कर्करोगाला कारण होतात असं आढळलं आहे. यातली बरीचशी नुसत्या जळण्यातून येतात. त्यावर कुठल्याच जनुकाचा इलाज नाही. 'लाइट' आणि 'माइल्ड' सिगारेटचा इतिहास आपल्यासमोर आहे. लोकांना त्या सुरक्षित वाटल्या, ते जोरात झुरके घेत राहिले, आणि फायदा काही झाला नाही. अमेरिकेला शेवटी 2009 च्या कायद्याने हे शब्दच पाकिटावरून काढावे लागले. 'एनएनएन कमी' हे खरं विधान उद्या 'धोका नाही' अशा खोट्या विधानाची खूण म्हणून वापरलं जाऊ शकतं. हा व्यभिचार जनुकाचा नाही, जाहिरातीचा.

आपल्या अंगणात

हा विषय आपल्यापासून दूर नाही. तंबाखू मुघल दरबारात पोहोचला तो दख्खनमधून. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला असद बेग विजापूरहून परतताना तो अकबरासाठी घेऊन गेला, अशी त्याने स्वतःच नोंद ठेवली आहे. 1947 मध्ये राजमहेंद्रीला केंद्रीय तंबाखू संशोधन संस्था सुरू झाली. आणि निपाणी आपल्याला माहीत आहे. बिडीच्या तंबाखूचा तो मुलूख, तिथल्या वखारी, त्या वखारींत खाट सोसत राबणाऱ्या बाया. 1981 मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी तिथे मोठं आंदोलन झालं, गोळीबार झाला, शेतकरी मारले गेले. त्या शेतकऱ्यांची मागणी नव्या वाणाची नव्हती, भावाची होती. वाण कितीही सुधारला, तरी वजन, प्रत आणि दर ठरवणारा हात दुसऱ्याचाच राहिला, तर सुधारणा कुणाच्या पदरात पडते?

आणि पलीकडे खाणारा आहे. 2016-17 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार भारतातले 28.6 टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेतात, आणि त्यांत धूर न काढता घेणारेच जास्त. आपल्या घरांत मिश्री होती, अजूनही आहे. चुना लावून मळलेली चिमूट होती, आहे. जिथे काही जळतच नाही, तिथे एनएनएनसारख्या घटकांचा वाटा मोठा ठरतो. त्यामुळे खरंतर या संशोधनाचं मोल आपल्याकडे जास्त असायला हवं. आणि तरीही, तोंडाच्या कर्करोगावरचा खरा उपाय तंबाखूचा उत्तम वाण हा नाही, तंबाखू सोडणं हा आहे. ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत, आणि दोन्ही एकदम धरून ठेवणं आपल्याला जमलं पाहिजे.

तेव्हा या इतिहासातून आपण काय घ्यायचं? आपण बघितलं, की खूण दिवसेंदिवस अचूक होत गेली. आधी पानावरचा ठिपका, मग शेजारचा रेणू, मग प्रत्यक्ष जनुकातला बिघाड. हे मानवी बुद्धीचं मोठं यश आहे, आणि तंबाखूवर शिकलेली ही विद्या भात, गहू, टोमॅटो यांच्याही कामी आली आहे. पण खूण 'आहे' किंवा 'नाही' एवढंच सांगते. 'असावं' की 'नसावं' हे ती सांगत नाही. वाय-1 करणाऱ्यांकडे ज्ञान कमी नव्हतं. कमी होतं ते दुसरंच काही.

नैयायिकांनी सम्यक् ज्ञानाला प्रमा म्हटलं, पण त्यांच्या शास्त्राचं प्रयोजन त्यांनी ज्ञान एवढंच सांगितलं नाही. दुःखातून सुटका हे सांगितलं. आपण त्यांचं मोक्षशास्त्र मानू वा न मानू, प्रयोगशाळेबाहेर पडताना हा एक प्रश्न बरोबर ठेवायला हरकत नाही. या रोपाने कोणाचं दुःख कमी झालं? पिकवणाऱ्याचं, वखारीत राबणाऱ्या बाईचं, की खाणाऱ्याचं? तिघांपैकी एकाचंही नाही असं उत्तर आलं, तर त्या वाणाला नवा म्हणू, रोगप्रतिकारक म्हणू, हवं तर जास्त उत्पन्नाचा म्हणू. 'सुधारित' म्हणण्याआधी मात्र आपण थांबलं पाहिजे.

प्रश्न असतील तर आता घेऊ या.